खूण आणि माप

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. हस्तलिखितातील सुबक अक्षर म्हणजे शुद्ध पाठ नव्हे, हे वर्गात सांगत आलो. त्याच विचाराचा कठोर प्रत्यय कोल्हापुरातील एका गॅरेजात आला.

गॅरेज आमच्या माजी विद्यार्थ्याचे. साठवलेल्या पैशांतून त्याने आपल्या जुन्या जिप्सीसाठी जास्त लिफ्टचा कॅम आणला होता. असा कॅम व्हॉल्व्ह अधिक खोल उघडतो. टायमिंग चुकले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतो.

"पुलीच्या खुणा जुळल्या की झाले ना?" आम्ही विचारले.

"नाही सर, हेड घासलंय. खुणा जुळल्या तरी टायमिंग मागं पडतंय. मोजायलाच लागतंय."

हेड घासले की क्रँक आणि कॅम यांतील अंतर घटते आणि पट्ट्यावर चालणारा कॅम किंचित उशिरा फिरतो. खूण तीच राहते, अर्थ सरकतो.

मापाचा आरंभ पिस्टनच्या सर्वोच्च बिंदूपासून होतो. पण तेथे क्रँक काही अंश फिरला तरी पिस्टन स्थिरच भासतो. डोळ्यांना तो बिंदू सापडत नाही. म्हणून हेड चढवण्यापूर्वी त्याने सिलिंडरवर आडवी पट्टी बांधून पिस्टनची वाट अडवली. क्रँकवरच्या डिग्री व्हीलवर एका बाजूने 32 अंश आले, दुसऱ्या बाजूने 28. चक्र सरकवून दोन्हीकडे 30 केले. शून्य आपोआप मध्यावर आले.

कॅमच्या लोबचे शिखरही असेच बोथट. हेड बसवल्यावर इनटेक व्हॉल्व्हवर डायल गेज टेकवून, क्रँक एकाच दिशेने फिरवत, शिखराच्या 0.05 इंच अलीकडचे आणि पलीकडचे अंश त्याने टिपले: 80 आणि 136. मध्य 108. कॅमच्या कार्डावर होते 106. म्हणजे कॅम दोन अंश मागे. पट्ट्याचा एक दात सरकवणे फार मोठी उडी ठरली असती; त्याने लांबट भोकांची पुली ढिली करून कॅम पुढे घेतला. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी, म्हणून क्रँकचे दोन अंश म्हणजे कॅमचा एकच.

कॅम पुढे घेतला की इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या आणखी जवळ येतो. म्हणून हेड उतरवून त्याने पिस्टनवर मुलांच्या खेळातली माती थापली, पुन्हा सारे जुळवले आणि क्रँक हाताने दोनदा फिरवला. हेड काढल्यावर मातीत व्हॉल्व्हचा ठसा होता. ठशाखालची माती कापून मोजली, तेव्हा ती दोन मिलिमीटरहून जाड भरली.

पाठ निश्चित झाला होता. स्टार्टर त्यानंतरच.