सरनोबत

पावसाळा सरता सरता आम्ही माणिकपूरहून एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन वसईच्या किल्ल्यावर गेलो होतो. चिमाजीअप्पांच्या पुतळ्यापाशी एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, अप्पा सेनापती होते ना?" आम्ही सवयीने "हो" म्हणून मोकळे झालो. परतीच्या वाटेवर तो होकार खुपू लागला.

१७३९ च्या मे महिन्यात अप्पांनी पोर्तुगिजांकडून वसई घेतली, तेव्हा सेनापतिपद तळेगावच्या दाभाडे घराण्यात होते. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत सेनापती त्रिंबकराव दाभाडे बाजीराव पेशव्यांशीच लढताना पडले आणि शाहू महाराजांनी ते पद त्यांचे धाकटे बंधू यशवंतराव यांना दिले. यशवंतराव लहान, कारभार मातोश्री उमाबाईंनी पाहिला. म्हणजे वसई घेणारा सेनापती नव्हता आणि सेनापती वसईत नव्हता.

या पदाचे शिवकालातले आधीचे नाव 'सरनोबत'. फारसीत 'सर' म्हणजे मस्तक, प्रमुख. 'नौबत' म्हणजे पाळी, पहारा आणि ठरल्या वेळी वाजणारा नगाराही. सरनोबत हा मुळात पहाऱ्याच्या पाळीचा प्रमुख. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी पदनामे जाऊन संस्कृत आली, सरनोबताचा सेनापती झाला. नव्या शब्दाला भारदस्तपणा आहे, पण 'पती'त स्वामित्व आहे. 'नौबती'त पाळी होती. पाळी येते तशी संपते, आणि ती जागूनच काढावी लागते. पुढे पद घराण्यात वारशाने चालू लागले, त्याचा दोष शब्दाला देता येणार नाही. तरी जुना शब्द हाताशी असता तर निदान आठवण राहिली असती. मराठीने 'नौबत' ठेवली ती 'उपासमारीची नौबत' एवढ्यापुरती, आणि 'सरनोबत' उरले आडनावात.

हे सारे आम्हांला खुपण्याचे कारण घरचेच आहे. आमच्या दारावर 'विभागप्रमुख' अशी पाटी आहे. त्या दिवशीची परवानगीपत्रे, बस, मुलांची यादी, पाण्याच्या बाटल्या, सगळे पाहिले ते तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या एका सहकारी बाईंनी. पुतळ्यापाशी त्या मागे उभ्या राहून मुले मोजत होत्या.

पुढच्या तासाला आम्ही आमचे उत्तर दुरुस्त केले. सहलीच्या अहवालावर मात्र प्रमुख म्हणून सही आमचीच होती. ती दुरुस्ती अजून व्हायची आहे.