सहा बाय दोनची बार्शी लाइट

लोकांच्या वन बीएचकेमध्ये काय काय असतं? कपडे वाळत घालायला ट्रेडमिल असते, धूळ खात पडलेली गिटार असते, फारच हौशी असतील तर फिश टँक. आमच्याकडे रेल्वे आहे. येस, चक्क रेल्वे! सहा फूट बाय दोन फूट प्लायवूडवर रूळ, स्टेशन, बाभळी आणि गोल गोल फिरणारी एक गाडी. डायनिंग टेबल घ्यायचं ठरलं होतं, ते राहिलंच. आम्ही दोघं मांडी घालून खाली जेवतो आणि गाडी मात्र टेबलावर बसते.

पुण्यात राहणाऱ्यांना हा प्रकार अगदीच नवा नाही. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशींचं छोट्या रेल्वेचं म्युझियम १९९८ मध्ये सुरू झालं. शाळेच्या सहलीत अनेकांनी तिथे तोंडाचा 'आ' करून गाड्या पाहिल्या असतील. पण पाहणं वेगळं आणि घरात उभारणं वेगळं. त्यात मी पडले फ्रीलान्सर. या महिन्याचा चेक पुढच्या महिन्यात येईल की त्याच्या पुढच्या, हे कुणालाच माहीत नसतं. त्यामुळे इम्पोर्टेड सेट वगैरे लाड परवडणारे नव्हतेच.

तर आधी थोडं गणित. (पळू नका, सोपं आहे.) मॉडेल रेल्वेतला सगळ्यात लाडका स्केल म्हणजे एचओ, खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. तुमची उंची पाच फूट सहा इंच असेल, तर या जगात तुम्ही फक्त १९ मिलिमीटरचे. गंमत म्हणजे आपल्या ब्रॉडगेजची रुंदीही नेमकी तेवढीच, १६७६ मिलिमीटर. म्हणजे तिचे छोटे रूळ १९ मिलिमीटरचे हवेत. पण बाजारात एचओचे रूळ मिळतात साडेसोळाचे, कारण ते परदेशातल्या १४३५ मिलिमीटर गेजवरून बेतलेले. म्हणजे डेक्कन क्वीन करायची, तर ती अंगापेक्षा बारीक चपला घालून उभी राहणार.

नॅरोगेजचं मात्र सॉलिड जमतं. ७६२ भागिले ८७ म्हणजे पावणेनऊच्या आसपास, आणि त्याहून छोट्या 'एन' स्केलचे ९ मिलिमीटरचे रूळ तयार मिळतात. आता ७६२ मिलिमीटरची कुठली गाडी घ्यायची, हे मला शोधावं लागलं नाही. माझे बाबा बार्शीचे.

बार्शी लाइट रेल्वे म्हणजे आमच्या घरातली दंतकथा. १८९७ मध्ये ती कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागली. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज. २००० नंतरच्या दशकात टप्प्याटप्प्याने तिचं ब्रॉडगेज झालं आणि ती छोटी गाडी संपली. मी तिच्यात बसल्याचं मला आठवतही नाही. बाबा मात्र १९८२ मध्ये याच गाडीने कुर्डुवाडीला गेले आणि तिथून पुढे सोलापूरला, कॉलेजसाठी.

मूळ मार्ग साधारण ३५ किलोमीटरचा. सत्त्याऐंशीने भागलं तरी ४०० मीटर! आमची अख्खी सोसायटी लागली असती. म्हणून फक्त बार्शीचं स्टेशन, थोडं माळरान आणि नऊ इंच त्रिज्येची दोन वळणं. इंजिनासाठी एन स्केलच्या एका सेकंडहँड इंजिनाची मोटर आणि चाकं घेतली, वरचा सांगाडा सनबोर्ड आणि कार्डशीटचा. टेकाडं थर्मोकोलची, त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिस. माती म्हणजे वापरून वाळवलेली चहापावडर. सुकलेलं गवत म्हणजे काथ्याचं पायपुसणं कापून, आणि बाभळी म्हणजे भांड्यांची हिरवी घासणी कुस्करून. 'माझी घासणी कुठाय?' हा प्रश्न आमच्याकडे आता नवराच विचारतो.

करंटचा फंडा साधा. बारा व्होल्ट डीसी, एक रूळ प्लस, दुसरा मायनस, चाकांमधून वीज मोटरला. उलटं जोडलं की गाडी उलटी. पण रुळावर जराशी धूळ बसली की गाडी अडलीच. म्हणून दर रविवारी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड घेऊन रूळ पुसायचे.

पहिल्यांदा गाडी धावली, तेव्हा बाबांना व्हिडिओ कॉल केला. ते म्हणाले, "अगं, एवढी पळत नव्हती ती!" बरोबरच होतं. ताशी वीस किलोमीटर वेग धरला, तर मॉडेलमध्ये सेकंदाला जेमतेम सहा सेंटिमीटर. वेग कमी केला. मग बाबा बोलायला लागले. पावसापाण्यापलीकडे फोनवर फार न बोलणारे बाबा चक्क पाऊण तास बोलले. आषाढीला टपावर बसलेले वारकरी, डोळ्यात जाणारे कोळशाचे कण, आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाला असलेला लिंब.

लिंबावरून आमचं वाजलं. मी पत्रकार, म्हणून फोटो शोधले. मिळालेल्या जुन्या फोटोंमध्ये त्या टोकाला झाडच नाही. तसं बाबांना सांगितलं. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "असेल. पण दादा त्याच्याच सावलीत उभे होते ना, मला सोडायला आले तेव्हा."

दादा म्हणजे माझे आजोबा. बाबांच्या पहिल्या सेमिस्टरमध्येच ते गेले. हे मला माहीत होतं. पण बाबांनी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या प्लॅटफॉर्मवर, हे मला अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा कळलं.

बातमीत मी ते झाड कापलं असतं. लेआउटवर लावलं. तांब्याच्या तारा पिळून खोड केलं, आणि सावलीत धोतर-टोपीतला एक माणूस, उंची १९ मिलिमीटर. बाबा दिवाळीत आले, तेव्हा खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ गाडी फिरवत राहिले. एकदाही स्टेशनात थांबवली नाही. मीही काही विचारलं नाही.

आता पुढच्या महिन्यात आमचं अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट संपतंय आणि घरमालकांना फ्लॅट विकायचाय. टेन्शन आहेच, पण रेल्वेचं नाही. लेआउट पहिल्यापासून तीन बाय दोनच्या दोन तुकड्यांत केलंय. चार नट-बोल्ट काढले, एक प्लग उपसला, की लिफ्टमध्ये मावतं. आपल्यासारख्या भाडेकरूंनी रूळ टाकायचे तर ते असेच, उचलून नेता येतील असे.

नवीन फ्लॅट बघताना ब्रोकर विचारतो, "मॅडम, रिक्वायरमेंट काय?" मी सांगते, पाणी चोवीस तास, पार्किंग एक टू-व्हीलर, आणि सहा फुटांची एक सलग भिंत. तो लिहून घेतो, "वॉर्डरोबसाठी ना?" मी मान डोलावते. प्रत्येकाला कुठे सांगत बसायचं!