पापाचे वाटेकरी

गेल्या वर्षी आमच्या कन्येचा अख्खा वर्ग कोर्टात जाऊन आला. घाबरू नका मंडळी, शाळेची सहल होती! जर्मनीत मोठ्यांचे फौजदारी खटले सहसा सर्वांना खुले असतात. मागच्या बाकावर कुणीही जाऊन बसावं. रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, तो मुलगा कोकेन विकायचा. जजबाई त्याच्या लहानपणाबद्दलच किती वेळ विचारत होत्या. त्याचा काय संबंध?"

मला उत्तर येईना. निकाल पुढच्या आठवड्यात होता. रजा टाकून मीच गेलो.

मुलगा चोवीस वर्षांचा. बाप दारुडा, आई आजारी, नवव्या वर्षापासून बालगृहात, शाळा अर्धवट. जजबाईंनी कारणं सांगताना आधी हे सांगितलं, मग गुन्हा. इथल्या निकालपत्राची रीतच तशी: आधी माणूस, मग प्रकरण. शिक्षा ठरवताना आरोपीचं पूर्वायुष्य आणि परिस्थिती पाहावी, असं दंडसंहितेचं कलम ४६ सांगतं.

एवढ्या मालाला एरवी १ ते १५ वर्षं. 'कमी गंभीर' ठरलं तर ३ महिने ते ५ वर्षं. विरुद्ध बाजूला मालाचं वजन आणि महिनोन् महिने चाललेला धंदा. बाजूने कबुली, पहिलाच गुन्हा आणि ते बालपण. सरकारी वकिलांनी ३ वर्षं मागितली होती. मिळाली २ वर्षं, तीही बेवेरुंगवर, म्हणजे स्थगित. २ वर्षांच्या वर एक महिना जरी असता, तरी तुरुंग अटळ होता.

माझं डोकं भडकलं. मीही लालबागच्या चाळीतला. १९८२च्या संपानंतर वडील कायमचे घरी बसले. मी कुठे काय विकलं?

पण परतीच्या ट्रेनमध्ये शेजारच्या खोलीतला माझा मित्र आठवला. त्याचेही वडील त्याच गिरणीतले. नव्वदच्या दशकात तो गर्द विकताना सापडला आणि १० वर्षं आत गेला. १९८५च्या कायद्यात तेवढी किमान शिक्षा होतीच. त्याचं घर कसं होतं हे जज साहेबांनी विचारलं असतं, तरी त्यांना एक दिवस कमी करता आला नसता. आजही २५० ग्रॅमपेक्षा जास्त हेरॉइनला भारतात किमान १० वर्षंच.

आम्हा दोघांत फरक एवढाच, की मला दादरचा मामा होता. पाचवीत त्याने मला उचलून आपल्या घरी नेलं. त्याला मामा नव्हता.

वाल्याची गोष्ट आपण सगळे ऐकत आलो. पापात वाटा घेणार का, असं त्याने घरच्यांना विचारलं आणि सगळ्यांनी हात वर केले. इथल्या कोर्टानेही पाप त्या मुलाच्याच पदरात ठेवलं. त्याच्या मालाने किती घरं बुडाली असतील, ते कोण विसरेल? पण घरच्यांचा वाटा निदान निकालात लिहिला तरी गेला.

कन्येला मी मामाची गोष्ट सांगितली. तिने विचारलं, "मग तुमचा मित्र आता कुठे असतो?"

तो सुटून आला तेव्हा मी जर्मनीत मास्टर्स करत होतो. चाळीत जाणं-येणं होतं, पण त्याची चौकशी मी कधीच केली नाही. दिवाळीत मुंबईला जातोय. या वेळी करीन.