पाणीगेटचा बिगोनिया

बडोद्याच्या जुन्या कोटाला चार दिशांना चार दरवाजे. पश्चिमेला लहरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडी आणि पूर्वेला पाणीगेट. मधोमध मांडवी. नाव पाणीगेट, पण तिथले लोक सर्रास ‘पाणीगेट दरवाजा’ म्हणतात, म्हणजे एकाच नावात दरवाजा दोनदा. त्यातून बाहेर पडलं की रस्ता आजव्याकडे जातो. तिथे सयाजीराव महाराजांनी सूर्या नदी अडवून मोठा तलाव बांधला. त्याच्या बांधाला बासष्ट दरवाजे आहेत. 1890 च्या दशकापासून शहर त्याचं पाणी पीत आलं आहे.

बडोद्याला जाणारा आपल्याकडचा माणूस राजवाडा बघतो, संग्रहालयात जातो, कीर्तिमंदिर करतो, दांडिया बाजारात कानावर मराठी पडलं की सुखावतो आणि परततो. पाणीगेटकडे सहसा कोणी फिरकत नाही. तिथे बघण्यासारखं काही नाही, असं बडोद्यातलेच लोक सांगतात. मांडवीपासून दरवाज्यापर्यंतचा रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं, मधे रिक्षा, स्कूटर, हातगाड्या आणि त्यातूनच वाट काढणाऱ्या गायी. उत्तरायण जवळ आलं की रस्त्याकडेला दोरा रंगवणारे बसतात आणि सगळीकडे गुलाबी हात दिसू लागतात.

माझी मावशी याच भागात गेली पन्नास वर्षं राहते आहे. माहेर बेळगावचं, शहापूर भागातलं. घर जुन्या पद्धतीचं. रस्त्याकडे ओटला, आत एकामागे एक खोल्या आणि मधे उघडा चौक. या चौकात दिवसाला जेमतेम दोन तास ऊन उतरतं, ते भिंतीवरून सरकत जातं, आणि बाकीचा दिवस नुसता उजेड असतो. तुळस तिथे जोर धरत नाही, गुलाबाचं तर नावच नको. पण बिगोनियाला हीच जागा लागते. मावशी याला अर्ध्या गुजरातीत म्हणते, “छांयडो हवा, अंधार नको.” बिगोनियाविषयी मी बरीच पुस्तकं चाळली आहेत, पण एवढ्या कमी शब्दांत कोणी सांगितलेलं आठवत नाही.

बिगोनिया आपल्याला परका वाटतो, तो तितकासा नाही. पावसाळ्यात आंबोलीला, चोर्ल्याला, जांबोटीकडच्या रानात ओल्या कातळावर किंवा जुन्या भिंतीच्या फटीत फिकट गुलाबी फुलांचं एक लहानसं झाड उगवतं. पान एका बाजूला मोठं, दुसऱ्या बाजूला लहान, जणू कापताना कात्री घसरली. तो सह्याद्रीतला रानटी बिगोनिया. पाऊस संपला की तोही दिसेनासा होतो. जगात याच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत. नाव मात्र फ्रेंच. मिशेल बेगाँ नावाचा एक सरकारी अधिकारी वनस्पतींचा शौकीन होता, त्याच्यावरून शार्ल प्लुमिए या धर्मगुरू शास्त्रज्ञाने हे नाव ठेवलं.

संकराची हकिगत खरी सुरू होते एकोणिसाव्या शतकात. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातून कंदवाल्या जाती इंग्लंडात पोचल्या आणि 1870 मध्ये व्हीच यांच्या रोपवाटिकेने त्यांचा पहिला संकर विक्रीला आणला. त्याच्या आधीच, 1850 च्या दशकात, आसामातून ऑर्किडांबरोबर रंगीबेरंगी पानांचा ‘रेक्स’ युरोपात जाऊन पोचला होता. आज रोपवाटिकेत चांदीच्या, जांभळ्या, चॉकलेटी पट्ट्यांचा जो रेक्स आपण विलायती समजून विकत घेतो, त्याची आजी आसामची. अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटावरची एक जात 1880 मध्ये एका स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने नेली. ती थंडीत फुलणारी. तिचा आणि कंदवाल्यांचा संकर होऊन हिवाळी फुलांचे प्रकार आले.

हे वेड युरोपात ऐन भरात असतानाच बडोद्यात एक जर्मन माणूस आला. गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगेल. लंडनच्या क्यू बागेत काम केलेला. 1893 मध्ये सयाजीरावांनी त्याला आपल्या बागांसाठी बोलावलं आणि तो 1907 पर्यंत इथे होता. पुढे म्हैसूर संस्थानाने त्याला नेलं आणि बंगळूरच्या लालबागेवर त्याची छाप पडली. बेळगावची मंडळी बंगळूरला गेली की लालबाग बघतातच, पण त्या माणसाची हिंदुस्थानातली पहिली चौदा वर्षं बडोद्यात गेली हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. सयाजीबाग त्याच्याही आधीची, 1879 ची. 2024 च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा तीही पाण्यात गेली होती.

बेळगावच्या आणि बडोद्याच्या हवेत मोठाच फरक आहे. आपल्याकडे उन्हाळ्यातही पारा क्वचितच चाळिशीला टेकतो, संध्याकाळी वारा सुटतो, वळीव येतो. बडोद्यात एप्रिलपासून जूनच्या मध्यापर्यंत भट्टी. 2016 च्या मे महिन्यात अहमदाबादला 48 अंश झाले, बडोदेही होरपळलं. अशा हवेत कोणता बिगोनिया लावायचा हा पहिला प्रश्न आहे आणि तिथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. डिसेंबरात रोपवाटिकांत गच्च फुललेले, गुलाबासारख्या दुहेरी पाकळ्यांचे बिगोनिया येतात. ते थंड पॉलिहाऊसमध्ये वाढलेले असतात. घरी आणल्यावर महिना-दीड महिना शोभा देतात, मग माना टाकतात. त्यांना फुलांचा गुच्छ समजून आणावं. अँडीजचे कंदवाले तर उटी, दार्जिलिंग, शिलाँगसाठीच सोडून द्यावेत, त्यांना रात्रीचा गारवा लागतो.

मेणासारख्या चकचकीत पानांचे, बारीक फुलांचे जे वाफ्यात लावतात, ते बडोद्यात ऑक्टोबर ते मार्च छान चालतात. बी धुळीसारखं असतं, एका ग्रॅममध्ये पन्नास हजारांवर दाणे. ते मातीत पुरायचं नाही, वरच भुरभुरायचं आणि काच किंवा प्लास्टिक झाकून ओल राखायची. दोन-तीन आठवड्यांनी हिरवा शेवाळी थर दिसतो, तीच रोपं. पण संकरित वाणाचं घरी धरलेलं बी आईसारखं निपजत नाही, एवढं ध्यानात ठेवावं.

मावशीच्या चौकातला राजा म्हणजे कांडीवाला बिगोनिया. बांबूसारख्या पेरांची उभी खोडं, पंखासारखी पानं, वर चंदेरी ठिपके, पाठ मरून रंगाची, आणि पोवळ्याच्या रंगाचे लोंबते घोस. स्वित्झर्लंडमध्ये 1890 च्या दशकात ‘लुसर्ना’ नावाचा एक प्रसिद्ध संकर झाला, हा त्याच घराण्यातला असावा असं त्याच्या अंगलटीवरून वाटतं. आमच्या आजीने त्याची कांडी 1974 साली ओल्या फडक्यात गुंडाळून मावशीच्या हातात दिली होती. आजीला ती कुणाकडून मिळाली ते कुणालाच माहीत नाही. आमच्या घरात त्याला नावही नव्हतं, ‘ठिपक्याचं’ म्हणत.

अशा संकराचं एक वैशिष्ट्य आहे. तो फक्त कांडीने वाढतो. म्हणजे ज्या ज्या घरी त्याची कुंडी आहे, तिथे वेगळं झाड नाहीच, तेच एक झाड तुकड्यातुकड्यांनी जगतं आहे. मावशीने वर्षानुवर्षं कांड्या वाटल्या. भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या खालाजान यांच्या गच्चीवरही एक कुंडी होती. 2002 च्या संचारबंदीनंतर ते कुटुंब शहराच्या दुसऱ्या टोकाला, तांदलजाकडे राहायला गेलं. जाताना सामानात कुंडी होती. पुढे 2016 च्या त्या उन्हाळ्यात मावशी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दीड महिना मुलाकडे होती आणि चौकातलं झाड मुळापासून वाळलं. सप्टेंबरात तांदलजाहून खालाजान यांचा मुलगा स्कूटरवर चार कांड्या घेऊन आला. आजीचं झाड असं परत आलं. मावशी हे सांगताना आवाज मुळीच बदलत नाही, भाजी निवडत सांगते.

तेव्हापासून तिने उन्हाळ्याची व्यवस्था पक्की केली. गुजराती घरांत पाणियारं असतं, पिण्याच्या पाण्याच्या माठांचा ओटा. माठ पाझरतात, त्यामुळे ती जागा गार आणि दमट राहते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रेक्सच्या तिन्ही कुंड्या पाणियाऱ्याखाली जातात, खाली खडीचं तबक, तबकात पाणी, पण कुंडीचं बूड पाण्याला लागू द्यायचं नाही. पानांवर पाणी शिंपडायचं नाही, त्याने डाग पडतात. कांडीवाला चौकातच राहतो, फक्त वर हिरवी जाळी येते.

माती हा दुसरा मुद्दा. काळी माती बिगोनियाला चालत नाही, ती ओली असताना चिकटते आणि वाळली की मुळं तोडते. मावशी दोन भाग पालापाचोळ्याचं खत, एक भाग कोकोपीट, एक भाग जाड वाळू आणि मूठभर जुनं शेणखत घेते. आपल्याकडची तांबडी माती असेल तर कोकोपीट निम्मं केलं तरी चालेल. कुंडी मोठी नको. मुळं जरा दाटीत असली की फुलं जास्त. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत माती कोरडी लागली की सकाळी पाणी. बिगोनिया तहानेपेक्षा जास्त पाण्याने मरतो, खोड बुडाशी मऊ पडून. फुलं सरली की उंच कांड्या गुडघ्याएवढ्या छाटाव्यात, नाहीतर नुसते लांबलचक दांडे उरतात. हिवाळ्यात पानांवर पांढरी भुरी आली तर ती पानं काढून टाकून कुंड्या विरळ ठेवाव्यात. पिठ्या ढेकूण दिसला तर कापसाने पुसून कडुनिंबाचं तेल. ईशान्येकडे काही जातींचे आंबट देठ खातात, पण घरात कुत्रं-मांजर असेल तर कंदाचे प्रकार त्यांच्या तोंडाला लागू देऊ नयेत.

मी गेल्या डिसेंबरात गेलो तेव्हा घर विकलं गेलं होतं. भावंडांत वाटण्या झाल्या, चौकाच्या जागी तीन मजली दुकानं येणार. मावशीला जानेवारीअखेर वाघोडिया रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये जायचं होतं. तिला घराचं दुःख होतं का, ते मी विचारलं नाही. ती मला बाल्कनी बघायला घेऊन गेली. बाल्कनी पूर्वेची, सकाळचं कोवळं ऊन, नऊनंतर सावली. “पश्चिमेची असती तर मी घेतलाच नसता,” ती म्हणाली. तिने दलालालाही हेच सांगितलं होतं. तो बिचारा तिला वास्तुशास्त्र समजावत बसला होता.

रेक्सच्या कुंड्या उचलून नेता येणार होत्या. त्याचं पान कापून, शिरांवर चिरा देऊन ओल्या वाळूवर दाबलं तरी शिरेशिरेतून रोप फुटतं, त्यामुळे त्याची चिंता नव्हती. कांडीवाला मात्र आता खांद्याएवढा, चौकाच्या कोपऱ्यात विटांच्या वाफ्यात रुजलेला. तो उपटून जगला नसता. कांड्या लावायला फेब्रुवारी-मार्च बरा, डिसेंबरच्या थंडीत मुळं धरायला वेळ लागतो. पण थांबायला वेळच नव्हता.

रविवारी सकाळी तिने धारदार सुरी चुलीवर तापवून घेतली. प्रत्येक तुकड्याला तीन-चार पेरं, खालची पानं काढलेली, वरचं एकच पान ठेवलेलं, काप पेराच्या जरा खाली. चौदा तुकडे झाले. चार तांदलजाला, खालाजान आता नाहीत, सुनेने नेले. तीन मी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून घेतले. अजमेरहून म्हैसूरकडे जाणारी गाडी बडोदा, पुणे, मिरज करत बेळगावला येते, तिच्यातून ते शहापूरला परत आले. उरलेले सात बाल्कनीत गेले.

मार्चमध्ये मावशीचा फोन आला. तिच्या सातांपैकी पाच धरले, तांदलजाचे चारही. माझे दोन.