ओटा सोलापूरचा, मिस्त्री कुणाचा?

शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून सुटणाऱ्या हुतात्मा एक्सप्रेसमध्ये जरा कान देऊन बसा. पाच दिवस हिंजवडी नाहीतर मगरपट्ट्यात घालवून घरी निघालेली सोलापूरची पोरं-पोरी भेटतील. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार वीरांची आठवण ही गाडी नावात वागवते, आणि नोकरदारांना वीकएंडला घरी पोचवते. बॉस, अप्रेझल, ट्रॅफिक असं सगळं बोलून झालं की एक विषय हमखास निघतो, ‘आईचं किचन करायचंय यार!’

बरोबरच आहे. जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड इकडे फ्लॅट घेतलेले असतात. नाहीतर गावातलं जुनं घर असतं. खाली शहाबादी फरशी, ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे, त्यात स्टीलचे डबे ओळीनं लावलेले. बाबांच्या रिटायरमेंटचे थोडे पैसे आणि तुमचा बोनस, असा हिशेब जमतो. शो-रूममधलं चकाचक किचन मोबाइलवर आईला दाखवलं जातं. प्रश्न एकच उरतो : हे बसवणार कोण? तुम्ही रविवारी परत जाणार. पुढची पंधरा वर्षं त्या ओट्याशी उभी राहणार ती आई!

आधी गाव समजून घ्या

सोलापूर म्हणजे फक्त चादर आणि सिद्धेश्वराचं तळं नव्हे. हा ज्वारीचा मुलूख आहे. शेजारच्या मंगळवेढ्याची ज्वारी तर प्रसिद्धच. म्हणजे इथल्या स्वयंपाकघरात भाकरी रोज थापली जाते, कडक भाकरीची चळत डब्यात जाते आणि शेंगाची चटणी कुटली जाते. मुंबई-पुण्याच्या कॅटलॉगमधल्या किचनला यातलं काहीच ठाऊक नसतं.

उदाहरणार्थ, ओट्याची उंची. साधारण ३४ ते ३६ इंचाचा ओटा सगळीकडे बसवतात. भाजी चिरायला तो ठीक. पण भाकरी थापताना खांद्यातून जोर लागतो, परात ठेवली की उंची आणखी वाढते. कोपर काटकोनात धरून उभं राहिलं, तर ओटा कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावा, असा सोपा अंदाज आहे. भाकरीसाठी तो आणखी थोडा खाली लागतो. खलबत्ता चालणार असेल, तर त्या जागी ग्रॅनाइटला खालून भक्कम आधार हवा. नुसत्या प्लायच्या पेटीवर कुटाकुटी सुरू झाली, की आज ना उद्या सांधे सुटतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. उजनीचं पाणी नळाला रोज नाही, काही दिवसांआड येणार, या हिशेबानं सोलापूरकरांनी वर्षानुवर्षं संसार केलाय. त्यामुळे घरोघरी पिंप, हंडे, कळश्या यांची जागा ठरलेली. पिंप कुठे ठेवायचं हे न विचारता जो माणूस भिंतीभर ट्रॉल्या आखून देतो, त्यानं सोलापूरचं घर पाहिलेलंच नाही असं समजा! त्यात बोअरचं पाणी जड असलं, की नळावर आणि सिंकवर पांढरे थर बसतात. सिंकखालच्या कपाटाची खरी परीक्षा इथेच होते.

मिस्त्रीचा इंटरव्ह्यू

आपण ऑफिसात फ्रेशरला तीन राउंड घेतो, आणि लाखभराचं काम देताना मात्र ‘करतो की ओ, काळजी करू नका’ एवढ्यावर खूश होतो. असं कसं चालेल, बॉस?

पहिला राउंड : जुनं काम. शो-रूममधलं डिस्प्ले किचन बघू नका, तिथे कुणी कधी फोडणी दिलेली नसते. त्यानंच बसवलेलं, निदान तीन-चार वर्षं वापरात असलेलं किचन बघायला मागा. तिथे गेलात की थेट सिंकखालचं दार उघडा. कुबट वास येतोय का? प्लायच्या कडा फुगल्यात का? मग सगळ्यात जड ट्रॉली ओढून बघा. अडखळते का, एका बाजूला कलते का? आणि त्या घरच्या काकूंना एकच प्रश्न विचारा, ‘तक्रार केल्यावर आला होता का?’

दुसरा राउंड : माप कोण घेणार, बसवणार कोण? बऱ्याचदा विकणारा एक, माप घेणारा दुसरा आणि फिटिंगला येणारी पोरं तिसऱ्याचीच. काही बिघडलं की तिघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. जबाबदारी कुणाची, हे आधीच ठरवून घ्या. माप टाइल्स लागल्यानंतरचं हवं. जुन्या घरात भिंती क्वचितच काटकोनात असतात. चांगला मिस्त्री लांबी खाली, मध्ये आणि वर अशी तीनदा मोजतो, ओळंबा लावतो. एकदाच टेप ओढून वहीत आकडा लिहिणाऱ्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

तिसरा राउंड सगळ्यात महत्त्वाचा : तो काय विचारतो? गॅसची नळी कुठून येते, मिक्सर-ओव्हनचे पॉइंट कुठे, घरात डावखुरं कुणी आहे का, स्वयंपाक कोण करतं? जो तुमच्याऐवजी आईशी बोलतो, तो तुमचा माणूस. मग तो मराठी बोलो, तेलुगू, कन्नड की हिंदी! सोलापुरात या सगळ्या भाषा एका गल्लीत नांदतात, आणि आईला बहुधा त्यातल्या दोन तरी येतातच.

कागदावर काय हवं?

‘चांगलं प्लायवुड वापरतो’ हे वाक्य कोटेशनमध्ये चालत नाही. सिंकच्या आसपास तरी आयएस ७१० म्हणजे मरीन ग्रेडचं प्लाय मागा. या मानकात प्लाय ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावं लागतं. शीटवर आयएसआयचा शिक्का असतो. कापण्याआधी तो स्वतः बघा, फोटो काढा.

ट्रॉल्या स्टीलच्या असतील तर ३०४ ग्रेड की २०२, हे लिहून घ्या. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये निकेल कमी, त्यामुळे ते स्वस्त, पण गंजायला सोपं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, पण त्यावर भुलू नका, कारण चुंबक दोन्हींना जवळपास चिकटतच नाही. ग्रेड बिलावर आला पाहिजे.

भाव चौरस फुटाचा असेल तर तो फक्त शटरचा की आतल्या ट्रॉल्यांसकट? चॅनेल आणि बिजागऱ्या कोणत्या कंपनीच्या? ग्रॅनाइट कापणं, प्लंबिंग, चिमणीचं भोक कुणाकडे? हार्डवेअरची वॉरंटी कंपनी देते, फिटिंगची मिस्त्रीनं द्यायची असते. दोन्ही वेगळ्या लिहून घ्या.

पैसे टप्प्याटप्प्यानं द्या. शेवटचे दहा टक्के महिनाभर किचन वापरून झाल्यावर, असं आधीच ठरवा. बिल पक्कं घ्या. वाद झालाच तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारही करता येते. पण तिथे बिलाचा कागदच बोलतो, ‘आपलाच माणूस आहे’ हे कुणी ऐकत नाही.

आणि हो, जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरते, तेव्हा ‘संक्रांतीच्या आठवड्यात काम संपवतो’ असं कुणी म्हणालं तर नुसतं हसा.

शंभर वर्षांची आयडिया

बसवलेलं किचन ही कल्पना तशी जुनीच. १९२६ मध्ये मार्गारेटं श्युटं-लिहोत्स्की या आर्किटेक्ट बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी एक छोटंसं किचन आखलं. तशी सुमारे दहा हजार किचन्स बसवली गेली. त्यांनी रेल्वेच्या डायनिंग कारमधली स्वयंपाकाची जागा अभ्यासली, बाईला कुठे किती पावलं टाकावी लागतात याचा विचार केला आणि मग कपाटं आखली. आधी माणूस, मग फर्निचर!

आपल्यालाही तेच करायचंय. डिझाइन फायनल करण्याआधी एक दिवस सुट्टी टाका आणि आई सकाळी स्वयंपाक करत असताना बाजूला उभे राहा. ती किती वेळा वाकते, कशासाठी स्टुलावर चढते, पिंपाकडे किती फेऱ्या मारते, ते लिहून काढा. तो कागद मिस्त्रीच्या हातात द्या. तो वाचून ज्याला चार प्रश्न पडतील, त्यालाच अ‍ॅडव्हान्स द्या.