सहा मीटर चाळीस

अमरावतीच्या जुन्या परकोटातील एका व्यापारी कुटुंबात गेल्या वैशाखात न्हाणीघराचे पाणी उलटे वर येऊ लागले. सांडपाण्याच्या नळात कॅमेरा सोडून तपासणी झाली आणि चार पानांचा अहवाल घरी आला. धाकट्या चिरंजीवांनी तो शेवटच्या पानावर उघडला : ‘संपूर्ण वाहिनी बदलावी’, आणि खाली खर्चाचा आकडा. बाबूजींनी मात्र पहिले पान मागितले. चाळीस वर्षे खतावणी वाचलेल्या माणसाला ठाऊक असते, की नोंद वेगळी आणि तिच्यावरचा सल्ला वेगळा. त्यातून सल्ला देणाराच नवे नळ बसविणार असेल, तर नोंद अधिकच बारकाईने पाहावी.

नोंदी चार होत्या. प्रत्येकीपुढे अंगणातील चेंबरपासूनचे अंतर होते आणि दोष नळाच्या कोणत्या बाजूला आहे ते घड्याळाच्या भाषेत लिहिले होते. १२ म्हणजे नळाचे छत, ६ म्हणजे तळ. आरंभी तुपातेलाचा थर. तो धुतला की निघतो. हा दोष नळाचा नव्हे, स्वयंपाकघराचा. पुढे केसासारखी चीर, तूर्त नुसती ध्यानात ठेवण्याजोगी. साडेनऊ मीटरवर पाणी साचलेले. नळ धुतल्यावरही ते तेथेच राहिले, तर नळ खचून झोल पडला असे समजावे. येथे धुतल्यानंतरच्या चित्रीकरणात ते ओसरलेले दिसले. अकोल्यास दिलेल्या कन्येच्या घरी मात्र खरोखरीचा झोल होता. तेथे वर्षभरात तीनदा नळ धुऊन घेतला आणि तीनदा पैसे पाण्यात गेले. हरवलेला उतार धुण्याने परत येत नाही. वऱ्हाडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि तिच्या पोटातले जुने, भाजलेल्या मातीचे नळ सांध्यांशी हलत राहतात.

उरलेली नोंद एका ओळीची होती : ‘६.४० मीटर, सांधा सरकलेला, ४ ते ७, बाहेरील माती दिसते, मुळे.’ मुळे छाटता येतात, परंतु जेथून ती आत शिरली तेथूनच सांडपाणी बाहेर जाते. बाबूजींनी टेप मागविला आणि चेंबरपासून नळाच्या रेषेने जमीन मोजली. ६.४० ची खूण विहिरीच्या कठड्यापासून चार हातांवर पडली.

त्या विहिरीच्या पाण्यावर घरचा चौका चाले. चातुर्मासात त्यागींचा आहारही त्याच पाण्याचा होई. आजी ते दुहेरी फडक्यातून गाळीत, जिवाणी परत विहिरीत सोडीत आणि मग पाणी उकळीत. सांडपाण्यातील जंतू फडक्यातून सहज निसटतात. उकळल्याने ते मरतात, हे खरे. पण मैल्यातून आलेले नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते.

सारे ऐकून आजींनी एवढेच विचारले, “किती दिवसांपासून?”

अहवालात त्याचे उत्तर नव्हते. कॅमेरा आजची स्थिती दाखवितो, तिचा आरंभ नव्हे. पाण्याचा नमुना तपासणीस गेला. त्यात मैल्याचे जंतू निघाले. मग शेवटच्या पानाप्रमाणे सारे अंगण न उकरता तेवढाच भाग खोदून सांधा बदलला, आणि पुन्हा कॅमेरा फिरवून खात्री करून घेतली. खर्च मूळ आकड्याच्या पासंगालाही पुरला नाही.

विहिरीचा रहाट मात्र त्या चातुर्मासात हलला नाही. चौक्याचे पाणी मंदिराच्या विहिरीवरून येऊ लागले. ते आणावयास, फडके खांद्यावर टाकून, आजी स्वतः जात.