थांबण्याची तरतूद

प्रशासनात नव्याने आलेल्या माणसाची अशी समजूत असते, की गती इंजिनातून येते. माझीही होती. २००३ साली, त्या वेळी उत्तरांचल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राज्यात, कुमाऊँच्या डोंगरातील एका उपविभागाचा कार्यभार माझ्याकडे असताना एका जुन्या जीपने ती दूर केली.

जीप १९७०च्या दशकातली, दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या घराण्यातली. माझ्या आधीच्या कोणा अधिकाऱ्याच्या काळात तिचे मूळ पेट्रोलचे इंजिन काढून अधिक जड असे डिझेलचे इंजिन बसविलेले होते. ब्रेक मात्र मूळचेच राहिले होते. चारही चाकांना ड्रम, आणि चारहींना एकाच मास्टर सिलिंडरमधून, एकाच मार्गाने जाणारा दाब. बळ वाढविण्याची नस्ती कोणीतरी चालविली होती. थांबण्याची नस्ती कोणी उघडलीच नव्हती.

ऑगस्टमध्ये दरड कोसळलेल्या एका गावाची पाहणी करून आम्ही परतत होतो. चालकाला सारे कार्यालय ‘दाज्यू’ म्हणे. कुमाऊँनीत त्याचा अर्थ थोरला भाऊ. उतारावर त्यांनी पेडल दाबले आणि ते थेट तळाला गेले. दाज्यू एक शब्दही बोलले नाहीत. गिअर खाली आणत, हातब्रेक ओढत त्यांनी गाडी दरीच्या उलट बाजूला, डोंगराच्या कुशीत घातली. बंपर वाकला, माणसे वाचली. मागच्या चाकाकडे जाणारी गंजलेली नळी फुटली होती. मार्ग एकच असल्यामुळे एका ठिकाणच्या गळतीने चारही चाकांचा दाब गेला होता.

नळी बदलून भागले असते. पण एव्हाना मी या विषयात पडलो होतो. ड्रमच्या आत घर्षणाने उष्णता साठते. ड्रम तापून फुगला की शूपासून दूर जातो, लायनरची पकडही कमी होते. पाण्यातून गेल्यावर ड्रममध्ये ओल राहते. डिस्क उघडी असल्यामुळे लवकर निवते आणि लवकर वाळते. शिवाय उतारावर गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो. तेव्हा पुढे डिस्क बसवाव्यात, असा प्रस्ताव मी केला.

लेखापालांनी नम्रपणे आक्षेप नोंदविला: दुरुस्तीच्या शीर्षाखाली जुन्याच्या जागी तसाच भाग घेता येतो, सुधारणा ही दुरुस्ती नव्हे. पत्रव्यवहार होऊन मार्चमध्ये मंजुरी आली, ती फक्त डिस्क व कॅलिपर यांपुरती. हल्द्वानीच्या एका मिस्त्रीने काम केले आणि ३१ मार्च २००४ पूर्वी ‘काम समाधानकारकरीत्या पूर्ण’ या दाखल्यावर माझी सही हवी होती. सही झाली नाही तर निधी परत जाणार होता.

चाचणीत गाडी थांबेना. म्हणजे थांबे, पण पूर्वीपेक्षा अधिक जोर लावून. आणि मोकळी धावतानाही पुढची चाके तापत. कारणे पुढे कळली. ड्रम फिरताना शूला स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे पायाला मदत मिळते. डिस्क अशी मदत करीत नाही. म्हणून बूस्टर लागतो. तो निर्वातावर चालतो आणि डिझेल इंजिनात तसा निर्वात आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळा पंप बसवावा लागतो. कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला तेलही अधिक लागते. जुना मास्टर सिलिंडर ते पुरवू शकत नव्हता. त्यातच त्याच्या तोंडाशी थोडा दाब धरून ठेवणारी एक झडप होती. ड्रमला ती उपकारक; डिस्कवर मात्र तिने पॅड कायम घासत ठेवले होते.

मी पेन उघडले होते, हे येथे कबूल केले पाहिजे. उरलेले पुढच्या वर्षी पाहू, असे मी मनाशी ठरवूनही टाकले होते. दाज्यू दाराशी उभे होते. ते म्हणाले, “साहेब, तुम्ही सही केलीत तर गाडी कागदावर थांबेल. उतारावर मला थांबवायची आहे.”

मी सही केली नाही. निधी परत गेला, वरिष्ठांनी विचारणा केली, मिस्त्रीचे देणे लांबले आणि जीप अडीच महिने ठोकळ्यांवर उभी राहिली. त्या काळात मी बरेचसे दौरे बसने केले. जूनमध्ये संपूर्ण संचाला मंजुरी मिळाली: पुढच्या व मागच्या चाकांना स्वतंत्र मार्ग देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर, बूस्टर, पंप, नव्या नळ्या, आणि मागची चाके आधी जाम होऊन गाडी फिरू नये म्हणून मागचा दाब मर्यादित ठेवणारी झडप. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते व त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ३ प्रतीत कोरड्या अवस्थेत तो किमान २०५ अंश, तर ओलसर झाल्यावर १४० अंश असावा लागतो. म्हणून ते ठरावीक मुदतीने बदलण्याची नोंद मी लॉगबुकात घालविली. त्या नोंदीला कोणी आक्षेप घेतला नाही.

त्यानंतर अनेक योजनांच्या नस्त्या माझ्याकडे आल्या. पुष्कळांत मला तीच जीप दिसली: पुढे नवी डिस्क, मागे जुना मास्टर सिलिंडर. संगणक नवा आणि नियम जुना. अधिकार खाली दिलेले आणि मंजुरी वरच अडलेली. अशी सुधारणा निरुपयोगी ठरते एवढेच नव्हे. जुनी झडप तिच्यावर दाब धरून राहते आणि चाक आतून जळत जाते.

आज ही हकिगत अशीच घडणार नाही. १५ वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले आहे. खासगी जुनी जीप हौसेने बाळगणाऱ्या वाचकांनीही मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ आणि वाहनातील फेरबदलांविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निर्णय ध्यानात ठेवून, नोंदणी कार्यालयात विचारूनच काम हाती घ्यावे.

बदलीच्या दिवशी दाज्यूंनी मला त्याच जीपमधून खाली काठगोदामच्या स्थानकापर्यंत सोडले. सारा घाट ते उतरले, तोही नव्या ब्रेकच्या भरवशावर नव्हे, तर पूर्वीसारखाच गिअर खाली ठेवून. मी कारण विचारले. ते हसून म्हणाले, “ब्रेक चांगले आहेत साहेब. म्हणून तर ते राखून ठेवतो.”